मुके झालेले रेडिओ

बाजारांतून एखादी वस्तु रोख पैसे मोजून घरीं आणली म्हणजे ती आपली झाली, असा सामान्य गृहस्थाचा समज असतो; आणि पाटा-वरवंटा, पितळी घागर किंवा भिंतीवरचें घड्याळ यांच्यापुरता तो खराहि आहे. घागर घडविणारा तांबट देशोधडीला लागला म्हणून घागर गळूं लागत नाहीं. घड्याळाच्या कारखान्याला कुलूप पडलें तरी किल्ली दिली कीं लंबक हालतो. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत अशा कांहीं वस्तु आपल्या संसारांत शिरल्या आहेत, कीं ज्यांचा देह आपल्या मालकीचा आणि प्राण मात्र दुसऱ्याच्या मुठींत. त्यानें मूठ मिटली, कीं देह धडधाकट राहतो, दिवा लागतो, बटणें फिरतात. फक्त वाचा जाते. अशाच वाचा गेलेल्या एका यंत्राची हकीकत येथें सांगावयाची आहे. ती फार जुनी नाहीं. २००९ सालच्या अखेरच्या दिवशीं तिचा शेवट झाला, आणि त्या दिवशीं मुके झालेले रेडिओ महाराष्ट्रांतील पुष्कळ सुशिक्षित घरांत होते.

नोआ समारा हे इथिओपियांत जन्मलेले व अमेरिकेंत कायद्याचा अभ्यास केलेले गृहस्थ. आफ्रिकेंत एड्सनें माणसें मरत आहेत आणि त्या रोगाविषयींची साधी माहितीहि खेड्यापाड्यांत पोंचत नाहीं, हें वाचून आपल्या उद्योगाचें बीज मनांत पडलें, असें ते सांगत. १९९० सालीं त्यांनीं वॉशिंग्टन येथें ‘वर्ल्डस्पेस’ ही कंपनी काढली. कल्पना साधी व भव्य होती. ज्या मुलखांत लघुलहरींच्या खरखरीपलीकडे फारसें कांहीं ऐकूं येत नाहीं, तेथें आकाशांतून थेट स्वच्छ आवाज उतरवावयाचा. मध्यें मनोरा नको कीं तार नको. १९९२ सालीं स्पेनमधील तोरेमोलिनोस येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें उपग्रहावरून ध्वनिक्षेपण करण्यासाठीं १४५२ ते १४९२ मेगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा नेमून दिला आणि वाट मोकळी झाली. २८ ऑक्टोबर १९९८ रोजीं फ्रेंच गियानांतील कुरू येथून ‘आफ्रिस्टार’ आणि २१ मार्च २००० रोजीं ‘आशियास्टार’ असे दोन उपग्रह उडाले. पहिला विषुववृत्तावर २१ अंश पूर्व रेखांशीं स्थिरावला, दुसरा १०५ अंशांवर. दोन्ही सुमारें छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर. प्रत्येकाचे तीन झोत असत आणि एकेका झोताखालीं अनेक देश येत. आपला देश आशियास्टारच्या वांट्यास आला.

या उपग्रहाचें बोलणें साध्या रेडिओस कळण्यासारखें नव्हतें. ध्वनीचे आंकडे करून, ते दाबून बसवून, सोळा-सोळा किलोबिटांच्या कप्प्यांतून तो खालीं सोडीत असे; नुसत्या बोलण्याला एखादा कप्पा पुरे, संगीताला चार किंवा आठ. ही दाबून बसविण्याची रीत ज्या कुळांतली होती तिलाच पुढें ‘एमपी-थ्री’ या नांवानें पोरेंटोरें ओळखूं लागलीं. अर्थात् हें सगळें उलगडणारें ग्राहकयंत्र स्वतंत्रपणें घडवावें लागलें. हिताची, सान्यो, पॅनासॉनिक व जेव्हीसी या जपानी कारखान्यांनीं पहिलीं यंत्रें काढलीं. पुढें आपल्याकडे बीपीएलनेंहि काढलीं. यंत्राबरोबर तळहाताहून थोडी मोठी अशी एक चपटी तबकडी मिळे. तिचें तोंड उपग्रहाकडे आणि मध्यें आडभिंत नाहीं, एवढी तिची अट. मुंबई-पुण्याहून पाहतां आशियास्टार पूर्व-आग्नेयेस, क्षितिजापासून आकाशाच्या साधारण निम्म्या उंचीवर येई. आपल्या वास्तुशास्त्रानें आग्नेय कोपरा चुलीस दिलेला आहे; तेव्हां ज्या घरांत तो नियम पाळलेला असेल, तेथें यमन-भूप प्रथम फोडणीच्या वासांतून वर आले असतील, असें म्हणावयास हरकत नाहीं. ज्यांना तशी खिडकी नव्हती त्यांनीं गच्चीवर तबकडी बसवून तेथून तार ओढली.

आफ्रिकेसाठीं योजलेल्या या उद्योगाला खरे गिऱ्हाईक मिळालें तें हिंदुस्थानांत, ही या कथेंतील पहिली विसंगति. नायजरच्या नियामे शहरांतील हवामानकेंद्राच्या पुढाकारानें चाललेल्या ‘रानेट’ योजनेनें आफ्रिकेंतील खेड्यांस पर्जन्याचे अंदाज पोंचविण्याकरितां हा उपग्रह वापरला. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेंत सर्वोदय संस्थेच्या गांवांतून धोक्याचा इशारा देण्यासाठीं अशा रेडिओंचा प्रयोग झाला. पण पैसे मोजणारे वर्गणीदार ऐन भरांत जगभर मिळून दोन लाखांच्या आसपास, आणि त्यांतील बहुतेक भारतीय. त्याचें कारण शोधावयास दूर जावयास नको. येथें रागसंगीताची तहान होती व ती भागविणारें पात्र लहान होतें. आकाशवाणीवर अभिजात संगीताला ठराविक वेळा नेमलेल्या असत, आणि शहरोशहरीं निघालेल्या खासगी एफ. एम. केंद्रांना चित्रपटगीतें व गप्पा यांपलीकडे सवड नव्हती. वर्ल्डस्पेसची ‘गांधर्व’ ही वाहिनी मात्र अहोरात्र हिंदुस्थानी संगीत वाजवी, आणि तेंहि मध्यें साबणाची किंवा सिमेंटाची आरोळी न घालतां. जुन्या हिंदी गाण्यांसाठीं ‘फरिश्ता’ होती, कर्नाटक संगीतासाठीं ‘श्रुति’ होती आणि मराठी गीतांसाठीं ‘सुरभि’. मराठी गाण्याला आकाशांत स्वतःची चोवीस तासांची जागा मिळाली होती, ही गोष्ट आज कोणास सांगितली तर ती नवी वाटते, इतक्या लवकर आपण ती विसरलों.

आरंभीं फुकट असलेल्या या वाहिन्यांना पुढें वर्गणी लागली. येथेंच तें कुलूप येतें. प्रत्येक ग्राहकयंत्राला स्वतःचा क्रमांक होता. वर्गणी भरली कीं त्या क्रमांकाच्या नांवें आकाशांतून किल्ली येई, आणि मुदत सरली कीं ती परत जाई. वर्गणी आगाऊ. ए. आर. रहमान यांच्यासारख्या संगीतकारानें कंपनीचा प्रचारक होऊन तिच्यासाठीं धून रचली. २००५ सालीं कंपनीचे समभाग अमेरिकेच्या बाजारांत विकावयास आले. परंतु उपग्रह घडविणें, उडविणें आणि आकाशांत सांभाळणें यांचा खर्च एवढा, कीं दोन लाख वर्गणीदारांनीं तो भागणें शक्य नव्हतें. १७ ऑक्टोबर २००८ रोजीं कंपनीनें अमेरिकेंतील डेलावेअरच्या न्यायालयांत दिवाळखोरीचा अर्ज केला. वर्षभर आशा-निराशेचा खेळ चालला. कंपनीची मालमत्ता घेऊं पाहणाऱ्या धनिकानें भारतांतील वर्गणीदारांचा धंदा मात्र घेण्याचें नाकारलें. आणि डिसेंबर २००९ मध्यें भारतांतील ग्राहकांस कळविण्यांत आलें, कीं ३१ तारखेस सेवा बंद होईल. ज्यांची वर्गणी शिल्लक होती त्यांस परतावा मिळण्याची सोय कंपनीपाशीं नव्हती. दाद मागावयाची तर ती डेलावेअरला. सांगलीच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या निवृत्त शिक्षकानें वर्षाच्या उरलेल्या वर्गणीसाठीं अमेरिकेच्या न्यायालयांत लेखी दावा धाडावा, ही सूचना कायद्याला धरून होती; पण तिचा उपयोग काय, तें सांगावयास नकोच.

वर्गणी बुडाली ती बुडाली. परंतु घरांत उरलेल्या यंत्राचें काय, हा प्रश्न वेगळा, आणि आमच्या मतें अधिक विचार करण्यासारखा आहे. जें बंद पडलें तें मोडलेलें नव्हतें. त्याचा एक खिळाहि ढिला झाला नव्हता. आपल्याकडे अशी वस्तु टाकून देण्याची रीत नाहीं. आधीं ती माळ्यावर जाते, मग दिवाळीच्या झाडलोटींत खालीं येते, मग भंगारवाल्याच्या तराजूंत पडते. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा चोरबाजार, हे अशा वस्तूंचे नेहमींचे मार्ग. आज इंटरनेटवरील बाजारांतूनहि असे रेडिओ अधूनमधून विकावयास येतात. कोणी संग्रहासाठीं घेतो, कोणी सुट्या भागांसाठीं, आणि कोणी बिचारा उपग्रहाचा रेडिओ मातीमोलानें मिळाला म्हणून हर्षानें घरीं नेतो.

येथें मागें वळून एका जुन्या दिवाळखोरीकडे पाहिलें पाहिजे, कारण हा प्रसंग मुंबईनें एकदां पूर्वीं अनुभविलेला आहे. २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबईस ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’चें केंद्र उघडलें, ऑगस्टांत कलकत्त्याचें. कंपनीचें उत्पन्न दोन वाटांनीं येई: श्रोत्यानें काढावयाच्या दहा रुपयांच्या वार्षिक परवान्यांतून आठ रुपये, आणि परदेशांतून येणाऱ्या रेडिओच्या किमतीवर शेंकडा दहा. १९२९ च्या अखेरीस साऱ्या हिंदुस्थानांतील परवाने आठ हजारांच्या आंतच होते. परवाना न काढतां ऐकणारे किती होते, याची गणती कोण करणार? मार्च १९३० मध्यें कंपनी दिवाळ्यांत निघाली. एप्रिलांत सरकारनें दोन्ही केंद्रें हातीं घेतलीं, १९३१ च्या ऑक्टोबरांत तीं बंद करण्याचें ठरविलें, आणि श्रोत्यांनीं व रेडिओच्या व्यापाऱ्यांनीं ओरड करतांच दुसऱ्याच महिन्यांत तो विचार सोडून दिला. पुढें १९३६ सालीं त्यांतूनच ‘ऑल इंडिया रेडिओ’ उभा राहिला.

आतां या दोन दिवाळखोऱ्या शेजारीं ठेवून पाहाव्या. १९३० च्या श्रोत्याचा रेडिओ उघडा होता. त्याला कुलूप नव्हतें, म्हणून चोरून ऐकणाऱ्यांनीं कंपनीस उपाशी मारण्यास हातभार लावला. परंतु तेंच कुलूप नव्हतें म्हणून कंपनी मेल्यावरहि रेडिओ जगला. सरकारनें केंद्र घेतलें, त्यानें तें ऐकलें. डिसेंबर १९३२ मध्यें लंडनहून लघुलहरींवर साम्राज्यसेवा सुरू झाली, आणि ज्याच्या यंत्रांत लघुलहरी होत्या त्यानें तीहि ऐकली. २००९ चा रेडिओ कुलूपबंद होता. त्याच्यावर चोरून कोणी ऐकलें नाहीं, आणि तरीहि कंपनी मेली; मरतांना रेडिओसहि घेऊन गेली. मग त्या कुलुपानें साधलें काय, असा प्रश्न सहज मनांत येतो.

परंतु सगळें खापर कुलुपाच्या माथीं फोडणें न्यायाचें होणार नाहीं. जाहिरातीवांचून चोवीस तास ख्याल-ठुमरी ऐकवावयाची तर कोणी तरी पैसे भरले पाहिजेत, आणि भरणारा व न भरणारा यांत भेद करावयाचा तर कुलूप आलेंच. शिवाय समजा, शेवटच्या दिवशीं कंपनीनें सर्व यंत्रांच्या किल्ल्या श्रोत्यांच्या ओटींत घातल्या असत्या, तरी काय झालें असतें? बोलणारा गप्प झाल्यावर कान उघडे ठेवून कांहीं लाभ नाहीं. अडचणीचें मूळ याहून खोल आहे. १९३० च्या रेडिओची भाषा बोलणारीं केंद्रें जगभर पसरलेलीं होतीं. एक थांबलें तर दुसरें होतें. वर्ल्डस्पेसच्या यंत्राची भाषा जगांत एकच कंपनी बोलत होती. कंपनी गेली आणि ती भाषाहि गेली. २०१० सालीं समारा यांनींच आपल्या ‘यज्मी’ या नव्या संस्थेमार्फत जुन्या कंपनीची मालमत्ता मिळविली. पण आतां उपग्रहावरून शाळांना धडे पुरविण्याचा बेत होता, आणि त्यासाठीं टॅबलेट नांवाचीं नवीं यंत्रें योजलीं होतीं. माळ्यावरच्या रेडिओंची आठवण त्या बेतांत नव्हती. युरोपानें तर २०१५ सालीं त्या लहरींचा पट्टाच भ्रमणध्वनीच्या कामास देऊन टाकला.

भाषा थोडीशी जरी कोणाशीं जुळत असली तर यंत्राला पुनर्जन्म कसा मिळतो, याचें उदाहरण इंग्लंडांत घडलें आहे. तेथें १९९० च्या वसंतांत ‘ब्रिटिश सॅटेलाइट ब्रॉडकास्टिंग’ कंपनीनें उपग्रहावरून दूरचित्रवाणी सुरू केली. तिची चौकोनी, जेमतेम हातभर रुंदीची छत्री ‘स्क्वेरिअल’ या नांवानें गाजली. प्रतिस्पर्धी ‘स्काय’ वर्षभर आधींच बाजारांत उतरली होती. दोघींनीं एकमेकींवर पैशाचा असा पाऊस पाडला, कीं नोव्हेंबर १९९० मध्यें दोघींना एक व्हावें लागलें. अर्थात् जी चित्रपद्धति उरली ती स्कायची. धाकटीच्या ‘डी-मॅक’ पद्धतीचें प्रक्षेपण १९९२ च्या अखेरीस थांबलें आणि तिचीं ग्राहकयंत्रें कवडीमोल झालीं. परंतु शेजारच्या स्कँडिनेव्हियांत ‘डी-टू-मॅक’ नांवाची तिची सख्खी बहीण अजून नांदत होती. इंग्रज हौशी लोकांनीं तीं टाकलेलीं यंत्रें स्वस्तांत उचललीं, आंतील स्मृतीची चकती बदलली, आणि लंडनच्या उपनगरांत नॉर्वे-स्वीडनचे कार्यक्रम उतरूं लागले. जुन्या मालाचे व्यापारी असे बदललेले नग विकूंहि लागले. गंमत अशी, कीं नुसतीं यंत्रेंच नव्हत, तर त्या कंपनीचे दोन ‘मार्कोपोलो’ उपग्रहहि जुन्याच्या भावानें गेले: एक १९९२ सालीं नॉर्वेस, दुसरा १९९३ सालीं स्वीडनास. तेथें त्यांचीं बारशीं करून ‘थोर’ आणि ‘सिरियस’ अशीं नवीं नांवें ठेवण्यांत आलीं. खालचा माल भंगारांत, वरचा माल भंगारांत, आणि दोन्ही पुन्हां कामास लागलेले! असा योग दुर्मिळ खरा. पण तो दैवानें आला नाहीं, दोन देशांच्या पद्धति एकाच घराण्यांतल्या होत्या म्हणून आला.

आपल्या सरकारला हा धोका कळला नव्हता असें नाहीं. घरोघर थेट दूरचित्रवाणी पोंचविण्याचे परवाने देण्यासाठीं मार्च २००१ मध्यें जे नियम झाले, त्यांतच असें कलम होतें, कीं ग्राहकाचें खोकें एका कंपनीचें बंदें नसावें. दुसऱ्या कंपनीची किल्ली बसविण्यास त्यांत खांच असावी. खांच कागदावर आली. तींत बसावयाची किल्ली एवढी महाग, कीं तींत नवें खोकें येऊं शकावें; म्हणून ती कोणी मागितली नाहीं व कोणी विकलीहि नाहीं. एप्रिल २०२० मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ‘ट्राय’नें, हीच गोष्ट पुन्हां सरकारास शिफारस म्हणून कळविली. छत्रीची हकीकत निराळी. तिला कोणाचें कुलूप नाहीं. ती ज्या दिशेस फिरवावी तिकडचें गोळा करते. १६ डिसेंबर २००४ रोजीं दूरदर्शननें सुरू केलेली विनामूल्य सेवा आज ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहावरून मिळते, आणि वर्गणी न परवडणारे लोक तीच जुनी छत्री कोपऱ्याकोपऱ्यानें सरकवून तिकडे लावतात व एक साधें उघडें खोकें आणून काम भागवितात. वर्गणीचें मूळ खोकें मग दूरचित्रवाणीच्या खालीं फडक्यानें पुसलें जाऊन वर्षानुवर्षें बसून राहतें.

वर्ल्डस्पेसच्या श्रोत्यांना पुढें काय मिळालें, हेंहि सांगितलें पाहिजे. २६ जानेवारी २०१६ रोजीं आकाशवाणीनें ‘रागम्’ ही अहोरात्र अभिजात संगीताची वाहिनी काढली, आणि भ्रमणध्वनीवर तर आतां हवें तें गाणें हव्या त्या घटकेस येतें. संगीताची भरपाई झाली. वस्तूची झाली नाहीं. जुन्या विद्युत्-यंत्रांची विल्हेवाट उत्पादकानें लावावी असा नियम आपल्याकडे २०११ सालीं झाला आणि मे २०१२ पासून अंमलांत आला. तोंपर्यंत वर्ल्डस्पेसचें दार बंद होऊन सव्वादोन वर्षें लोटलीं होतीं. त्या काळच्या डाकांत शिसें असे. तें भंगारवाल्याच्या भट्टींत किंवा गांवाबाहेरच्या ढिगाऱ्यांत गेलें असलें पाहिजे.

तेव्हां ज्यांच्या माळ्यावर असा रेडिओ अजून असेल, त्यांनीं तो खालीं काढून आधीं तो कोणत्या घराण्याचा आहे तें पाहावें. कांहीं नमुने केवळ उपग्रहापुरते आहेत. त्यांचा उपयोग आतां एवढाच: बाहेरचा आवाज आंत घेण्याची खांच असेल तर कर्णा म्हणून वापरावे, विजेचा जोड दुसऱ्या यंत्रास लावण्यापूर्वीं त्याचें मान जुळतें कीं नाहीं तें पाहावें, आणि उरलेलें भाग वेगळे करणाऱ्या अधिकृत ठिकाणीं द्यावें, रस्त्यावरच्या तराजूंत घालूं नये. हिताचीचा पहिला नमुना मात्र अधिक दूरदर्शी निघाला. उपग्रहाबरोबरच एफ. एम., मध्यम लहरी आणि लघुलहरी हीं तीन जुनीं अंगें त्यांत राखलेलीं होतीं, आणि तीं कोणाच्या मर्जीवर नव्हतीं. असा रेडिओ विकावयास काढल्यास त्याला गिऱ्हाईक मिळण्यासारखें आहे. त्याच्यासमोर तो मध्यम लहरींवर लावून आकाशवाणीचें केंद्र ऐकवावें. आणि उपग्रहाचें बटण त्यानें दाबून पाहण्यापूर्वींच, त्यावर आतां कांहीं लागत नाहीं, हें आपण होऊन सांगावें.